एअर रायफलचा ग्रुप अचानक फुटायला लागला तर: साईटला हात लावण्याआधी काय तपासायचं

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल.

गेल्या आठवड्यापर्यंत दहा मीटरवर दहा छर्रे जवळजवळ एकाच भोकातून जात होते. भोकांच्या या पुंजक्यालाच आम्ही ग्रुप म्हणतो. आता त्याच हाताने, त्याच रायफलने टार्गेटच्या कार्डाची चाळण होतेय. कधी शॉट उभ्या रांगेत पसरतात आणि दहा शॉटची सिरीज संपत येईल तसे खाली खाली उतरतात. कधी आडवे पसरतात. कधी आठ शॉट घट्ट बसतात आणि दोनच भलतीकडे जातात, त्यांना आम्ही फ्लायर म्हणतो. कधी ग्रुप घट्टच असतो, पण अख्खा सरकून नवावर जाऊन बसलेला. आणि कधी नुसता गोल पसारा. यातली कुठली तऱ्हा आहे ते कार्डावरच पेनने लिहा, तारीख टाका, कार्ड फेकू नका. निम्मं निदान त्या कार्डावरच होतं.

मी सोलापुरात यंत्रमागाच्या शेडमध्ये फिटर म्हणून काम शिकलो आणि गेली बारा वर्षं मुलांच्या एअर रायफली सांभाळतोय. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं ब्राँझ जिंकल्यापासून आपल्याकडे शिकायला येणारी मुलं वाढली, तशी ही तक्रारही वाढली. जवळपास दर वेळी रायफल माझ्याकडे येते तेव्हा तिच्या साईटचे क्लिक, म्हणजे नेम वर-खाली किंवा डावा-उजवा सरकवायच्या स्क्रूचे बारीक टप्पे, आधीच फिरवलेले असतात. क्लिकने ग्रुप सरकतो, लहान होत नाही. फुटलेल्या ग्रुपला क्लिक देत बसलं की मूळ दुखणं तिथेच राहतं आणि झिरो (नेम धरला तिथेच छर्रा लागण्याची जुळणी) मात्र हातचा जातो. मग एका बिघाडाचे दोन होतात आणि शोधायला चौपट वेळ लागतो. म्हणून डायॉप्टरला, म्हणजे मागच्या साईटला, सध्या हात लावायचा नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलानंतर नव्या कार्डावर दहा शॉट मारायचे.

पुढे जाण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर देऊन टाकतो, कारण दर मे महिन्यात शिबिराला तो येतोच. कुणीतरी मोबाइलवर परदेशातला व्हिडिओ दाखवतं. एक माणूस घरच्या टेबलावर रायफलची काडतुसं पुन्हा भरतोय, कुठलं बारूद चांगलं ते सांगतोय, आणि मुलगा विचारतो, ‘सर, आपण असं केलं तर ग्रुप सुधारेल की?’ नाही. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे काडतूस बनवायला वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगायचा परवाना खिशात असला तरी त्यात हे येत नाही. शिवाय पुढे ज्या .२२ रायफलवर तुम्ही जाल, तिच्या काडतुसाचं पेटतं रसायन तळाच्या कडेत भरलेलं असतं आणि पिन ती कडच चेपते. ते काडतूस पुन्हा भरायच्या जातीचंच नाही. बारुदाचा नाद पूर्ण सोडा.

पण त्या माणसाची धडपड कशासाठी आहे ते मात्र समजून घ्या. प्रत्येक गोळी सारख्याच वेगाने निघावी आणि त्याच्या बॅरलला मानवणारी असावी, एवढंच त्याला हवंय. आपल्या रायफलीत बारुदाचं काम सिलिंडरमधली हवा करते आणि गोळीचं काम छर्रा. आपल्याला निवडायचं आणि सांभाळायचं ते या दोघांना. ४.५ मिमी व्यासाच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही, आणि मॅच रायफलची, म्हणजे स्पर्धेच्या एअर रायफलची, ताकद साडेसात ज्यूलच्या आसपासच असते. सगळं कायद्यात बसून करता येतं.

किती बारीक गोष्टीने गुण जातात याचा अंदाज आधी घ्या. दहा मीटरच्या कार्डावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. एक रिंग अडीच मिलिमीटरची, म्हणजे दशांशातला एक-एक गुण पाव मिलिमीटरचा. बीजिंगला २००८ मध्ये अभिनव बिंद्राने शेवटचा शॉट १०.८ मारून सुवर्ण घेतलं, तेव्हा त्या छऱ्याचं केंद्र मध्यापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत होतं. आता वेगाचं गणित बघा. मॅच रायफलचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास निघतो आणि दहा मीटर जाईपर्यंत साधारण पावणेदोन सेंटिमीटर खाली पडतो. हा वेग सेकंदाला दहा मीटरने कमी झाला तर तो आणखी दोन-अडीच मिलिमीटर खाली लागतो. म्हणजे जवळजवळ अख्खी एक रिंग गेली, आणि मुलाचा नेम तर बरोबरच होता.

काम सुरू करण्याआधी: छर्रा भरलेला नाही ते डोळ्याने बघा, नळी टार्गेटच्या दिशेला ठेवा, बॅरलमध्ये सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी आहे हे दाखवणारी रंगीत दोरी) घाला. स्क्रू किंवा साफसफाईचं काम असेल तर सिलिंडर काढून ठेवा आणि आत उरलेली हवा टार्गेटच्या दिशेने सोडा. सिलिंडर काढल्यावरही एक शॉट मारण्याइतकी हवा आत राहू शकते. हे विसरून लोक नळीत डोकावतात.

पैसा न लागणाऱ्या गोष्टी

सगळ्यात आधी रायफल दुसऱ्या चांगल्या नेमबाजाच्या हातात द्या आणि त्याला तुमचेच छर्रे मारू द्या. त्याचा ग्रुप घट्ट आला तर पुढचं काही वाचायची गरज नाही, रायफल ठीक आहे. मुलाला ओरडू नका, त्याची उंची मोजा. बारा-चौदा वर्षांचं मूल एका उन्हाळ्यात एवढं वाढतं की दस्ता आखूड पडतो, मान पुढे ताणली जाते आणि गाल रोज वेगळ्या जागी टेकतो. बट प्लेट, म्हणजे दस्त्याची खांद्याला टेकणारी पट्टी, थोडी मागे घेतल्यावर महिन्याभराची तक्रार दहा मिनिटांत गेलेली मी पाहिली आहे.

शॉट आडवे पसरत असतील तर रायफल कलते का ते बघा. छर्रा मुळात पावणेदोन सेंटिमीटर पडतो म्हणून आपण नळी तेवढी वर धरलेली असते. रायफल तीन अंश कलली की त्या उचलीचा काही भाग बाजूला वळतो आणि छर्रा मिलिमीटरभर आडवा जातो. कललेली रायफल चालते, पुष्कळ चांगले नेमबाज मुद्दाम थोडी कलती धरतात. रोज वेगवेगळी कलणं चालत नाही.

मग पंखा. हा खास आपल्या गावचा बिघाड. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याखालच्या रेंजमध्ये कूलर आणि उभे पंखे लागतात, आणि झोत लेनला आडवा जातो. छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा, त्यात सपाट तोंडाचा. जोरदार झोतात एखादी रिंग सहज जाते. त्यात पंखा मान फिरवणारा असेल तर झोत येतो-जातो, आणि आठ घट्ट-दोन बाहेर हा नमुना तिथून तयार होतो. पंखे बंद करून दहा शॉट मारा. फरक पडला तर पंखा नेमबाजाच्या पाठीमागे न्या. घाम पुसावा लागेल, पण छर्रे एका जागी जातील.

कार्ड होल्डरमध्ये हलतंय का, दुपारच्या खिडकीचा उजेड थेट टार्गेटवर पडतोय का, हेही तेव्हाच बघून घ्या. उजेड बदलला की साईटमधली काळी-पांढरी कड डोळ्याला वेगळी दिसते आणि ग्रुप न फुटता सरकतो. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर तक्रार असेल तर तीच रायफल एकदा साध्या कार्डावर मारून बघा. आतली कागदाची पट्टी पुढे सरकत नसेल तर टार्गेटच चुकीचे आकडे दाखवतं.

एलन कीचं काम

आमचे उस्ताद सांगायचे, माग बंद पडला की आधी नट बघ, मग मोटर. रायफलीलाही तेच लागू आहे. तीन ठिकाणचे स्क्रू बघायचे: मागची साईट ज्या खाचेवर बसते तिथले, पुढच्या साईटचे, आणि ॲक्शन (छर्रा भरायची आणि मारायची यंत्रणा) दस्त्याला धरून ठेवणारे. उन्हाळ्यात लाकडी दस्ता सुकतो, पावसाळ्यात फुगतो, आणि ॲक्शनचे स्क्रू ढिले पडतात. ॲक्शन दस्त्यात केसाइतकी हलली तरी प्रत्येक शॉटला वेगळ्या जागी बसते. गोल पसारा बहुतेक वेळा इथून येतो.

स्क्रू कंपनीच्या पुस्तिकेत दिलं असेल तेवढंच आवळायचं. जोर लावून पिळलेला स्क्रू ढिल्यापेक्षा वाईट, कारण दस्ता चिरतो आणि ती चीर डोळ्याला दिसत नाही. आवळून झालं की स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय हे कळतं. दहा-वीस रुपयांच्या त्या बाटलीने माझे कित्येक तास वाचवलेत.

डायॉप्टर बिघडल्याची शंका असेल तर अंदाजाने फिरवू नका, चौकोन मारा. तीन शॉट घ्या, दहा क्लिक वर जाऊन तीन, दहा उजवीकडे जाऊन तीन, दहा खाली येऊन तीन, दहा डावीकडे येऊन तीन. शेवटचे तीन पहिल्या तिघांवर यायला हवेत. आले नाहीत तर साईटच्या आत झीज आहे. साईट बदला किंवा दुरुस्तीला पाठवा, घरी उघडू नका. आतली बारीक स्प्रिंग उडाली की सापडत नाही.

छर्रे तुम्ही कसे हाताळता

फ्लायरचा नमुना असेल तर मी सरळ मुलाच्या खिशात हात घालतो. बहुतेक वेळा छर्रे खिशातच असतात.

मॅच छर्रा म्हणजे डमरूसारखा शिशाचा तुकडा. पुढचं सपाट डोकं बॅरलच्या खोबणीवर नेमकं बसतं, मागचा पातळ घेर हवेच्या दाबाने फुलतो आणि हवा गळू देत नाही. घेराला एका बाजूने पोचा पडला की बॅरलमधून बाहेर पडताना त्या बाजूने हवा आधी निसटते, छर्रा किंचित तिरका होतो आणि भलतीकडे जातो. शिसं इतकं मऊ असतं की टिन बॅगेत खडखडत सायकलवरून आणलं तरी पोचे पडतात. टिनमध्ये झाकणाखाली फोमची चकती असते, ती फेकू नका. मारायच्या आधी पन्नास-साठ छर्रे एका मऊ कापडावर मांडा, एकेक उचलून घेर गोल आहे का बघा, वाकडे वेगळ्या डबीत टाका. ते सरावाच्या पहिल्या शॉटना चालतील.

स्वस्त स्प्रिंगच्या एअर गनवर शिकलेली बरीच मुलं छर्रे तोंडात धरतात. दोन्ही हात मोकळे राहतात म्हणून लागलेली ती सवय आहे. शिसं हे विष आहे. ते शरीरात साचत जातं आणि मुलांच्या मेंदूला त्याचा त्रास मोठ्यांपेक्षा जास्त होतो. छर्रा तोंडात नाही, रेंजवर खाणं नाही, घरी गेल्यावर आधी साबणाने हात धुवायचे. टार्गेटमागची शिशाची धूळ कोरड्या झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा. ही एक गोष्ट मी प्रत्येक पालकाला पहिल्या दिवशी सांगतो आणि पुढे सांगतच राहतो.

बॅरल

छर्रे ठीक असूनही पसारा गोलच राहिला तर बॅरलमध्ये शिसं साचलेलं असू शकतं. साफसफाईला नमद्याच्या छोट्या गोळ्या मिळतात. हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या मॅच रायफलीत दोन-तीन एकदम भरून टार्गेटकडे मारा. काळ्या निघतील. पुढच्या स्वच्छ निघेपर्यंत हे करत राहा. तेल लावायचं नाही. साफ केल्यावर लगेच ग्रुप बघू नका, पंधरा-वीस छर्रे जाऊन बॅरल पुन्हा सवयीला येतं. त्याआधीचे शॉट बघून माणूस उगाच घाबरतो.

स्प्रिंगच्या गनमध्ये नुसती नमद्याची गोळी मारू नका. तिचा अडथळा इतका कमी असतो की पिस्टन रिकामा आपटल्यासारखा आपटतो. तिथे दोरीने ओढायचा साफसफाईचा ब्रश वापरा, तोही मागून पुढे. लोखंडी गज तोंडाकडून घालणं तर कधीच नाही. नळीच्या तोंडाची आतली कड, जिला क्राउन म्हणतात, ती छऱ्याला शेवटचा स्पर्श करते. तिथे ओरखडा पडला तर पोचा पडलेला छऱ्याचा घेर आणि ओरखडलेली नळी यांचा परिणाम सारखाच. क्राउन तपासायला कान साफ करायची कापसाची काडी घ्या आणि कडेवरून हलकेच गोल फिरवा. कापसाचे तंतू एकाच जागी अडकत असतील तर तिथे खरवड आहे. इथे मात्र थांबायचं. क्राउन घासून नीट करायचं काम लेथवर, जाणत्या माणसानेच करायचं. घरी कानसीने खरवडलेल्या दोन नळ्या माझ्याकडे पडून आहेत, त्या आता कुणाच्या कामाच्या नाहीत.

हवा: इथे घाई नको

शॉट उभ्या रांगेत पसरत असतील आणि सिरीजच्या शेवटी खाली जात असतील तर संशय हवेवर. मॅच रायफलच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाची हवा असते. गाडीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार असते, यावरून अंदाज घ्या. रेग्युलेटर हा दाब अडवून पुढे ठरावीक कमी दाबच सोडतो, म्हणून सिलिंडर भरलेला असो की अर्धा, वेग सारखा राहतो. सिलिंडरमधला दाबच त्या ठरावीक आकड्याजवळ आला की रेग्युलेटरकडे अडवायला काही उरत नाही आणि प्रत्येक शॉटला वेग घसरतो. गेज १०० वर आला की भरून घ्यायचं, हा माझा हिशेब. स्पर्धेच्या सकाळी तर भरूनच न्यायचं.

गळतीची तक्रार फार येते. ‘रात्री २०० होतं, सकाळी १९२ दिसतं, सिलिंडर गळतोय.’ मी विचारतो, रात्री उकाडा किती होता? सोलापूरच्या उन्हाळ्यात संध्याकाळी चाळीस अंश आणि पहाटे सत्तावीस हे नेहमीचं. हवा थंड झाली की दाब आपोआप पडतो, आणि तेरा अंशांच्या फरकाला २०० चे साधारण १९२ होतात. ही गळती नाही. सकाळची सकाळशी तुलना करा, तीन दिवस वहीत लिहा. रोज पडतच असेल तर मात्र गळती आहे. उलटही होतं. भर दुपारी बंद गाडीत ठेवलेला सिलिंडर पासष्ट अंशांवर गेला तर २०० चे २२५ च्या पुढे जातात. उन्हात गाडीत सिलिंडर ठेवू नका.

भरताना काय भरता ते महत्त्वाचं. फक्त कोरडी, फिल्टर केलेली हवा. श्वसनाच्या हवेचा कॉम्प्रेसर किंवा पाणबुड्याचा मोठा सिलिंडर चालतो. हातपंपही चालतो, पण थोडं मारून पंपाला विश्रांती द्या आणि आतलं पाणी सोडत जा. हवेतली वाफ २०० पट दाबल्यावर पाणी होऊन आत साचते आणि सिलिंडर आतून खातो, रेग्युलेटरही. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारच्या पुढे जात नाही, तिथे जाऊ नका.

आणि ऑक्सिजन कधीही नाही. एकदा एक वडील रायफलचा सिलिंडर घेऊन वेल्डिंगच्या दुकानात निघालेले मला रस्त्यात भेटले. माणूस प्रेमाने धडपडत होता, मुलीची स्पर्धा दोन दिवसांवर आणि हातपंप बिघडलेला. त्यांना वाटलं, ऑक्सिजन म्हणजे शुद्ध हवाच की. दाबाखालचा ऑक्सिजन आणि सीलमधलं थोडंसं तेल-ग्रीस एकत्र आलं की ठिणगीशिवायही पेट घेतं, आणि तो सिलिंडर मुलीच्या चेहऱ्यासमोर असतो. मी त्यांना तिथेच थांबवलं. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

सिलिंडरला मुदत असते, कुठे दहा वर्षं, कुठे वीस, आणि बनवल्याची तारीख त्याच्यावर कोरलेली असते. मुदत संपली, पोचा पडला, गंज दिसला किंवा चुडी (आटे) झिजली तर तो भरायचा नाही. याच्यावर दुरुस्ती नाही. जुनी रायफल विकत घेताना मी रायफल बघायच्या आधी ही तारीख बघतो.

छऱ्याचा लॉट

ही तपासणी खर्चाची आणि एका दुपारची आहे, पण बारूद निवडण्याच्या त्या व्हिडिओतलं खरं काम हेच. टिनवर डोक्याचा आकार छापलेला असतो, ४.४९, ४.५०, ४.५१ असा, आणि मागे लॉटचा, म्हणजे एका खेपेत बनलेल्या छऱ्यांचा, नंबर. लोक आकार बघतात, लॉट बघत नाहीत. साचा झिजत जातो, नवा बसवतात, शिशाची मिसळ किंचित बदलते, आणि त्याच कंपनीचा त्याच आकाराचा पुढचा लॉट तुमच्या बॅरलला आवडेलच असं नाही. जुना टिन संपला आणि नव्या टिनने ग्रुप फुटला, हा योगायोग नसतो. म्हणून टिन संपायच्या आधी शेवटचे पन्नास छर्रे डबीत बाजूला ठेवा, तक्रार आली की तेच मारून बघता येतात.

पुण्यात बालेवाडीला स्पर्धेसाठी जाणारं कुणी असलं की मी त्यांच्याकडून चार वेगवेगळ्या लॉटचा एकेक टिन मागवतो. रायफल वाळूच्या पिशव्यांवर किंवा शिकंज्यात पक्की बसवायची, पंखे बंद, प्रत्येक लॉटचे आधी दहा छर्रे बॅरल सवयीला यावं म्हणून, मग दहा-दहाचे पाच ग्रुप. व्हर्नियरने भोकाची बाहेरची कड ते बाहेरची कड मोजायची. साडेसहा मिलिमीटरच्या आत आलं की मी समाधानी असतो, आठच्या पुढे गेलं की तो टिन सरावाला. पाचपैकी एकच ग्रुप छान आला म्हणून भुलू नका, पाचही बघा. महागडा टिन जिंकेलच असं नाही. एका मुलीच्या रायफलीत सगळ्यात स्वस्त टिन सरस ठरला आणि तिने त्यावरच जिल्ह्याची स्पर्धा खेळली. आवडलेला लॉट सापडला की त्याच नंबरचे परवडतील तेवढे टिन घेऊन ठेवा.

स्प्रिंगची गन असेल तर

दोन ओळी त्यांच्यासाठी, कारण सुरुवात बहुतेकांची तिथूनच होते. स्प्रिंगच्या गनला उशीवर घट्ट दाबून धरलं की ती उडी मारते आणि छर्रा वर जातो. तळहातावर सैल, रोज एकाच जागी टेकवा. धूर निघत असेल किंवा फटाक्यासारखा आवाज येत असेल तर आत कुणीतरी तेल सोडलंय आणि ते दाबाने पेट घेतंय. काही दिवसांत सील जळतो. छऱ्याशिवाय घोडा ओढू नका. आणि ताणलेली मुख्य स्प्रिंग घरी उघडू नका, ती तोंडावर येते.

इथे थांबायचं

हे सगळं करून ग्रुप फुटलेलाच असेल तर कुणाकडून तरी क्रोनोग्राफ (छऱ्याचा वेग मोजायचं यंत्र) मागून आणा आणि दहा शॉटचा वेग लिहा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांच्यातला फरक सेकंदाला तीन मीटरच्या आत असेल तर हवेचा भाग मी निर्दोष सोडतो आणि पुन्हा स्क्रूंकडे वळतो. फरक सहा-सात दिसला, किंवा रोज पहिलाच शॉट जोरात जाऊन वर लागत असेल, तर रेग्युलेटर रात्रभर दाब झिरपू देतोय. रेग्युलेटर, ब्रीचचे (छर्रा भरायच्या जागेचे) सील, सिलिंडरचा व्हॉल्व्ह आणि ट्रिगरच्या आतलं काहीही घरी उघडायचं नाही. त्यातल्या काही जागांमध्ये सिलिंडर काढल्यावरही दाब शिल्लक असतो. ट्रिगर हात न लावता सुटत असेल, कुठूनही सूं सूं आवाज येत असेल, तर त्या दिवशी शूटिंग बंद आणि रायफल कंपनीच्या अधिकृत दुरुस्तीकडे.

मी मागाचा फिटर आहे, हाताला काम येतं, तरी रेग्युलेटर मी उघडत नाही. मला तो दाब मोजायची साधनं नाहीत आणि मुलाचा गाल त्याच्या जवळच असतो, एवढं कारण मला पुरेसं आहे.

दुरुस्तीला पाठवताना सिलिंडर रिकामा करून वेगळा बांधा. सोबत कार्डं, लॉटचा नंबर, गेजची तीन दिवसांची नोंद आणि क्रोनोग्राफचे दहा आकडे पाठवा. ‘ग्रुप येत नाही’ एवढंच लिहिलेली रायफल महिनाभर टेबलावर पडून राहते, आकडे असलेल्या रायफलीला मेकॅनिक आधी हात लावतो. ती परत आली की बाजूला ठेवलेल्या जुन्या लॉटचे पन्नास छर्रे काढा, पहिले वीस सोडून द्या, पुढच्या दहांचं कार्ड बघा. ग्रुप घट्ट आला, की मग डायॉप्टरला हात लावा आणि झिरो करा.